जुनी बॅटरी घेताय? व्होल्ट नको, तास मोजा

रत्नागिरीतून बोलतोय. आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या काही महिन्यांत कितीतरी जणांनी एकच प्रश्न विचारला: "दादा, इन्व्हर्टरची जुनी बॅटरी स्वस्तात मिळतेय. घरी सोलर पॅनेल आहे. घेऊ का?"

घ्या किंवा घेऊ नका, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तीन-चार दिवसांत तुमचं तुम्हालाच कसं कळेल, ते सांगू शकतो. या भागात तेवढंच करणार आहोत.

आधी एक गोष्ट. हा विषय फक्त जुगाडाचा नाही. आपण कोकणात राहतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आपल्या जिल्ह्यात दापोली, मंडणगडला त्याने काय केलं, ते तुमच्यातल्या अनेकांनी बघितलंय. विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. फोन बंद म्हणजे मुंबईतल्या माणसाला घरचे बरे आहेत की नाहीत, हेही कळायला मार्ग नाही. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. आणि वादळ सोडा, साध्या पावसाळ्यातही तारेवर फांदी पडली की रात्र अंधारात. अशा वेळी कोपऱ्यातली बॅटरी दोन दिवस साथ देते की अर्ध्या तासात मान टाकते, हा प्रश्न खरा असतो.

आता मूळ मुद्दा. डीप सायकल बॅटरी म्हणजे काय? गाडीच्या बॅटरीचं काम वेगळं. ती चावी फिरवल्यावर दोन-चार सेकंद प्रचंड करंट देते आणि मग आराम करते. तिच्या प्लेटा पातळ असतात. इन्व्हर्टरची किंवा सोलरची बॅटरी तासन् तास थोडा थोडा करंट देते, रिकामी होते, परत भरते. त्यासाठी प्लेटा जाड लागतात. आपल्याकडे घरोघरी असते ती ट्युब्युलर, म्हणजे पॉझिटिव्ह प्लेटमधला मसाला नळ्यांत भरलेला. म्हणून ती जास्त टिकते. १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी पाण्यासकट ५०-६० किलोची असते. एकट्याने उचलायला जाऊ नका, कंबर धरते.

शिशाची बॅटरी हा तसा फार जुना शोध. गास्टन प्लांटे नावाच्या फ्रेंच माणसाने ती १८५९ मध्ये बनवली, आणि आतली गोष्ट आजही तीच आहे. एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला शिशाचा ऑक्साईड, मधे पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वापरली की ॲसिडमधला सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो आणि आत उरतं पाणी जास्त, ॲसिड कमी. चार्ज केली की तो सल्फेट परत ॲसिडमध्ये येतो.

इथेच जुन्या बॅटरीचा आजार कळतो. बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली, तर प्लेटांवरचा सल्फेट हळूहळू कडक होत जातो. साखरेचा पाक भांड्यात तसाच राहिला की तळाशी खडे धरतात ना, तसंच. ताजा थर चार्जिंगला सहज विरघळतो. महिना-दोन महिने बसलेला थर विरघळायला त्रास देतो. आणि वर्षभर बसलेला बहुतेक वेळा विरघळतच नाही. म्हणजे बघा, कितीतरी बॅटऱ्या वापरून मरत नाहीत, पडून राहून मरतात.

आपल्या बंदरावर याचं चांगलं उदाहरण मिळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होडी किनाऱ्याला, जाळी दुरुस्तीला आणि बॅटरी बिचारी अर्धीमुर्धी भरलेली, तशीच कोपऱ्यात. दोन महिने तिच्याकडे कुणी बघत नाही. ऑगस्टमध्ये होडी निघायची वेळ आली की बॅटरी उठत नाही, आणि मग ती "जुनी बॅटरी, चालू स्थितीत" म्हणून विकायला येते.

माझ्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांची होडी मिरकरवाड्याला लागते. त्यांच्याकडे अशाच दोन बॅटऱ्या होत्या, दोन्ही १५० एएचच्या. मागच्या वर्षी दिवाळीनंतर त्यांनी माझ्याकडे आणून टाकल्या. "बघ रे, काय होतंय का. एक घरी ठेवीन, एक होडीवर चढवीन." या दोन बॅटऱ्यांवरच आपण सगळी पद्धत बघू.

पहिली पायरी, डोळ्यांनी बघणं. अंग फुगलंय का? टर्मिनल हललेत का? झाकणं उघडून टॉर्च मारा. प्लेटा पाण्याच्या वर उघड्या पडल्यात का? पाणी काळपट-तपकिरी दिसलं, तर पॉझिटिव्ह प्लेटचा मसाला गळतोय असं समजा. त्याला कुठलंही चार्जिंग परत जागेवर बसवत नाही. विकत घेत असाल, तर इथूनच हात जोडून निघा. काकांच्या दोन्ही बॅटऱ्यांत पाणी कमी होतं, पण स्वच्छ होतं. टर्मिनलवर खाऱ्या हवेने हिरवट-पांढरा थर धरला होता, तो खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन काढला.

पाणी घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं नाही, नळाचं नाही आणि हो, पागोळ्यांचं पावसाचं पाणीपण नाही. किनाऱ्यावरच्या पावसात मिठाचा अंश असतो, आणि मीठ प्लेटांचं वैरी. चार्जिंगच्या आधी प्लेटा बुडतील एवढंच घाला, पूर्ण खुणेपर्यंत चार्जिंगनंतर.

दुसरी पायरी, व्होल्ट. मल्टिमीटर लावला. एक दाखवत होती ११.९, दुसरी १०.४. आता हे आकडे कसे वाचायचे? १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येक साधारण २ व्होल्टचा. पूर्ण भरून रात्रभर शांत ठेवलेली ट्युब्युलर साडेबारा ते १२.७ दाखवते. ११.९ म्हणजे जवळजवळ रिकामी. आणि १०.४? म्हणजे सहातला एक सेल बहुधा हजेरीच लावत नाहीये.

पण थांबा. लोक इथेच फसतात. विकणारा माणूस बॅटरी चार्जरवरून काढून लगेच मीटर लावतो. १३ व्होल्ट! गिऱ्हाईक खूश. हा वरवरचा चार्ज असतो, दुधावरच्या सायीसारखा. खाली दूध किती आहे ते त्यावरून कळत नाही. म्हणून व्होल्ट बघायचे, तर चार्जिंग सोडून रात्रभर ठेवून, सकाळी.

तिसरी पायरी, हायड्रोमीटर. काचेची नळी, रबरी फुगा, आत तरंगणारी काडी. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. प्रत्येक सेलमधून थोडं ॲसिड ओढायचं, काडी कुठे तरंगते ते वाचायचं आणि ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडायचं. मेकॅनिक म्हणतात, "ग्रॅव्हिटी बाराशे चाळीस." म्हणजे १.२४०. पूर्ण भरलेल्या ट्युब्युलरमध्ये साधारण १.२२० ते १.२५० असते, कंपनीप्रमाणे थोडा फरक. आकड्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे सहाही सेल एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ५० अंकांनी खाली असेल, म्हणजे बाकी १२३० आणि एक ११८०, तर तो सेल आजारी.

आणि इथेही एक फसवणूक आहे. सेलमध्ये वरून नवीन ॲसिड ओतलं की ग्रॅव्हिटी वाढते. व्होल्टही वाढतात. मीटर खूश, हायड्रोमीटर खूश, आणि प्लेटा तशाच्या तशा कडक. उलट जास्तीच्या ॲसिडने त्या लवकर झिजतात. म्हणून एक नियम पाळा: सांडलं नसेल, तर ॲसिड कधीही घालायचं नाही.

मग खरं कोण बोलतं? तास. फक्त तास खोटं बोलत नाहीत. पण तास मोजण्याआधी बॅटरी पूर्ण भरायला हवी, नाहीतर उपाशी माणसाला शर्यतीत पळवल्यासारखं होईल. आणि इथे येतो आपला सूर्य.

माझ्या गच्चीवर १६५ वॉटची दोन पॅनेलं आहेत, दक्षिणेकडे तोंड करून, साधारण १७ अंश कललेली. रत्नागिरी १७ अक्षांशावर आहे, म्हणून तेवढा कल. दोन्ही मिळून चांगल्या उन्हात १८ अँपिअरच्या आसपास देतात. मोठ्या शिशाच्या बॅटरीला तिच्या एएचच्या दहाव्या हिश्श्याएवढा करंट मानवतो, म्हणजे १५० एएचला १५ अँपिअर. दोन पॅनेलं एका बॅटरीला बरोबर बसतात. तुमच्याकडे १०० वॉटचं एकच पॅनेल असेल, तर साडेपाच अँपिअर मिळतील. दिवसाला साधारण पाच तास भरपूर ऊन धरलं, तर सत्तावीस एएच. अर्धी रिकामी बॅटरी भरायला तीन दिवसांच्या वर लागतील. चालेल, घाई नाही. फक्त मधे सोडू नका.

पॅनेल थेट बॅटरीला जोडायचं नाही, मधे चार्ज कंट्रोलर हवाच. त्याच्या सेटिंगमध्ये पाण्याची बॅटरी निवडा, सील केलेली किंवा जेल नव्हे. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल, मग बॅटरी. हा क्रम पाठ करा. आणि बॅटरीच्या जवळ फ्यूज.

बॅटरी भरत आली की कंट्रोलर १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. लोक म्हणतात, १४.४ आले म्हणजे झाली भरून. नाही! तिथून पुढचा टप्पा महत्त्वाचा. करंट कमी कमी होत दोन-तीन अँपिअरवर येतो. सेलमधून बारीक बुडबुडे येतात, त्याने तळाला बसलेलं जड ॲसिड ढवळलं जातं. दर तासाला ग्रॅव्हिटी घ्या. सलग तीन तास आकडा हलला नाही, की बॅटरी भरली. तिला जेवढं घेता येणार होतं, तेवढं तिने घेतलं.

हे सगळं दिवाळी ते मे या काळात करा. जूनमध्ये ढगाळ दिवशी पॅनेल पाचव्या हिश्श्यावर येतं, कधी त्याच्याही खाली. अर्धवट भरणं म्हणजे परत तोच आजार. म्हणजे जुनी बॅटरी घ्यायची वेळ पावसाच्या तोंडावर नाही, आधी. आणि आंब्याची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर जरी पडली, तरी करंट दणकून कमी होतो. ते बघून घ्या.

आता चौथी पायरी, तास मोजणं. भरलेली बॅटरी रात्रभर शांत ठेवली. सकाळी तिला मोटारीच्या हेडलाइटचे दोन जुने बल्ब लावले, ५५ वॉटचे. दोन्ही मिळून साधारण ९ अँपिअर खातात. बल्ब तापतात, म्हणून लाकडावर, कापडावर ठेवू नका, जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवा. मग दर तासाला मीटरचा फोनवर फोटो काढायचा. वहीची गरज नाही, वेळ फोटोतच नोंदली जाते. बल्ब चालू असतानाच व्होल्ट १०.८ वर आले की थांबायचं. त्याच्या खाली जायचं नाही. आणि थांबल्याबरोबर परत चार्जिंगला. त्याच दिवशी ऊन नसेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी, पण लगेच.

हिशोब सोपा आहे. तास गुणिले अँपिअर.

काकांची पहिली बॅटरी पहिल्या वेळी सहा तास चालली. सहा नवे चोपन्न. १५० पैकी ५४ एएच. वाईट, पण सहाही सेल एकसारखे उतरत होते, म्हणून मी सोडली नाही. परत पूर्ण चार्ज, परत बल्ब, परत चार्ज. तिसऱ्या फेरीला दहा तास. म्हणजे ९० एएच, साठ टक्के. चौथ्या फेरीलाही दहाच. म्हणजे तिथे तिची मर्यादा आली. उरलेला सल्फेट आता दगड झाला. कुठलीही पावडर, कुठलंही जादूचं औषध बाजारात मिळत असलं, तरी मी त्यामागे पैसे घालवत नाही.

दुसरी बॅटरी? दोन दिवस ऊन दिलं. पाच सेल बाराशेच्या वर आले, एक अकराशेवरून हलेना. तोच सेल चार्जिंगला सगळ्यात जास्त उकळत होता. बल्ब लावल्यावर तासाभरात व्होल्ट धाडकन दहाच्या खाली. निकाल लागला.

काकांना बोलावलं. ते आले, मीटर बघितला. मी नुकतीच चार्जिंगवरून काढली होती, १२ च्या वर दाखवत होती. काका म्हणाले, "अरे, बारा दाखवतेय ना? बल्ब लागतोय ना? होडीवर काय, दोन दिवे, वायरलेस आणि जीपीएस. चढवू दे."

मी म्हटलं, "काका, तासभर थांबा." बल्ब लावून दोघं चहा घेत बसलो. पंचावन्न मिनिटांनी उजेड पिवळा पडला. मी म्हटलं, "हे इथे गच्चीवर झालं. हेच रात्री दोन वाजता, किनारा दिसत नसताना झालं तर? दिवा गेला तर समोरच्या बोटीला तुम्ही दिसणार नाही. वायरलेस गेला तर तुम्ही कुणाला हाक मारणार?" काका काही बोलले नाहीत. नवीन बॅटरीचे पैसे काही थोडे नसतात, आणि हंगाम कसा गेला ते त्यांचं त्यांनाच माहीत. मलाही ते सांगताना बरं वाटलं नाही. पण शेवटी होडीवर नवीनच गेली. जुनी दुकानात बदल्यात दिली, तेवढी किंमत कमी झाली. आणि साठ टक्क्यांची घरी ठेवली.

साठ टक्के बॅटरी घरी कितपत पुरते? ९० एएच गुणिले १२, म्हणजे हजारभर वॉट-तास. त्यातलं अर्धंच वापरायचं, म्हणजे ती आणखी टिकते. इन्व्हर्टरचा खर्च वजा जाता साडेचारशेच्या आसपास हातात. नऊ वॉटचे तीन एलईडी, एक कमी विजेचा पंखा, वायफाय आणि फोन, मिळून ७५ वॉट धरा. सहा तास निघाले. फक्त एक दिवा आणि फोन ठेवलात, तर अख्खी रात्र. वाईट नाही ना? पण दुसऱ्या नव्या बॅटरीबरोबर तिला जोडू नका. जुनी नवीला आपल्या पातळीवर ओढते.

म्हणून माझा हिशोब असा. सत्तर-ऐंशी टक्के निघाली तर उत्तम. पन्नास ते सत्तर, घरच्या दिव्यांना चालेल, किंमत त्या मानाने द्या. पन्नासच्या खाली, किंवा एक सेल मेलेला, तर भंगार. आणि जिथे जीव त्या दिव्यावर अवलंबून आहे, होडी असो की घरात कुणाचं ऑक्सिजनचं मशीन असो, तिथे जुनी बॅटरी नकोच. कितीही टक्के निघाली तरी.

सुरक्षेचं थोडक्यात. चार्जिंगला हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के जरी झाला, तरी ठिणगीने पेट घेतो. म्हणून बॅटरी पडवीत, वारा खेळेल अशा जागी. बंद खोलीत नाही, खाटेखाली नाही, देवघरात समईशेजारी तर अजिबात नाही. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पान्याला टेप गुंडाळा, दोन टर्मिनलवर तो आडवा पडला तर लालभडक होतो. डोळ्यांना चष्मा. ॲसिड डोळ्यात गेलं, तर पंधरा-वीस मिनिटं भरपूर पाण्याने धुवायचं आणि थेट डॉक्टरकडे.

शेवटची गोष्ट, मेलेल्या बॅटरीची. तिच्यात किलोंनी शिसं आहे. ती परसात फोडून, ॲसिड गटारात ओतून, शिसं चुलीवर वितळवणारे लोक आहेत. जाळी आणि गळाला वजन लागतं, म्हणून किनाऱ्यावर तर हा मोह जास्त. तो धूर आणि ती माती आधी लहान मुलांच्या पोटात जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये एक अहवाल काढला. जगातल्या साधारण दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात काळजी करण्याएवढं शिसं आहे, आणि घराघरांत चालणारं बॅटऱ्या फोडण्याचं काम हे त्याचं एक मोठं कारण, असं त्यात म्हटलंय. शिशाने मुलांच्या मेंदूचं नुकसान होतं, आणि ते भरून येत नाही.

म्हणून मेलेली बॅटरी न फोडता, ॲसिडसकट, उभीच्या उभी, बॅटरी विकणाऱ्या दुकानात द्या. पैसेही मिळतात. २०२२ पासून देशात बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आहेत. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचं पुनर्चक्रीकरण करून घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे, आणि ती इतर कचऱ्यात न टाकण्याची आपल्यावर. आणि हां, हे ऐकून कुणाला जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकायचा धंदा सुचला असेल, तर त्यासाठी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. घरच्यासाठी करणं वेगळं, धंदा वेगळा.

तर मंडळी, उजळणी. डोळ्यांनी बघा. पाणी बघा. उन्हात पूर्ण भरा. रात्रभर शांत ठेवा. दोन बल्ब लावा आणि तास मोजा. विकणारा तपासायला तीन-चार दिवस देत नसेल, तर तेच त्याचं उत्तर समजा.

तुमच्या घरी कोपऱ्यात एखादी बॅटरी पडून असेल, तर या रविवारी तिच्याकडे बघाच. किती तास निघाले ते मला फोटोसकट पाठवा, पुढच्या भागात आपण तुमचे आकडे वाचू. पुढचा भाग पॅनेलवर आहे: खारी हवा, माकडं आणि गच्चीवरचं पॅनेल. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूया!